सेकंदाचा पन्नासावा भाग

आमच्या खेळातलं यान जागचं फारसं हलत नाही. पडद्याच्या डाव्या अंगाला ते तरंगत असतं, वर-खाली होतं, बोटभर पुढे-मागे सरकतं, बस. पळते ती जमीन. उजवीकडून टेकड्या येतात, टेकड्यांवरच्या तोफा येतात, समोरून शत्रूची यानं येतात आणि सगळं डावीकडे निघून जातं. खेळणाऱ्याला मात्र वाटतं की आपणच सुसाट सुटलो आहोत. जपानच्या कोनामी कंपनीचा ‘स्क्रॅम्बल’ १९८१ साली आला, तो याच युक्तीवर उभा होता. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम्स कंपनीसाठी यूजीन जार्व्हिस यांनी ‘डिफेंडर’ केला. त्यात यान दोन्ही दिशांना वळवता यायचं. स्क्रॅम्बलमध्ये ती सोय नाही; जमीन तुम्हाला थांबूच देत नाही.

आमचा खेळ स्क्रॅम्बलच्या कुळातला. तो मी आणि माझ्या क्लासमधल्या काही मुला-मुलींनी जालन्यात बसून लिहिला, आणि लिहिला झेडएक्स स्पेक्ट्रम नावाच्या घरगुती संगणकासाठी. हे यंत्र एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडात बाजारात आलं. त्याची मेमरी ४८ किलोबाइट. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा फुलांचा फोटोसुद्धा तेवढ्यात मावणं कठीण.

पोटापाण्याचं काम सोडून हा उद्योग कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. दोन दशकांहून जास्त काळ मी संगणक शिकवते आहे. या सगळ्या काळात शिकवण्याचं सर्वांत खरं काम माझ्या हातून या खेळाच्या निमित्ताने झालं, असं मला वाटतं. ते का, हे सांगायचं आहे.

जालन्यात क्लास चालवणं म्हणजे काय, ते आधी सांगते. एमआयडीसीत सळ्यांच्या रोलिंग मिल आणि भट्ट्या. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, तेव्हापासून रुजलेला बियाण्यांचा धंदा. अंबड-घनसावंगीकडे मोसंबीच्या बागा. माझ्याकडे येणारी मुलं या सगळ्या घरांतली असतात. कुणाचे वडील मिलमध्ये पाळीवर, कुणाची आई बियाण्यांच्या गोदामात निवडायला. एमएस-सीआयटी सुरू झालं २००१ मध्ये, त्याच लाटेत माझा क्लास उभा राहिला. मग टॅली आलं, डीटीपी आलं, आता पायथन. मुलं बदनापूरहून, भोकरदनहून एसटीने येतात, कोर्स करतात, प्रमाणपत्र घेतात. बहुतेकांना काम मिळतं, आणि त्याचं मला समाधान आहे.

पण एकदा बारावी झालेल्या एका मुलीने मला विचारलं, “मॅडम, कळ दाबली की अक्षर उमटतं. मधे काय होतं?” मी ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टिम, ग्राफिक्स कार्ड असं सांगू लागले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “ही नुसती नावं झाली. मधलं काय होतं ते सांगा ना.”

तिचा प्रश्न रास्त होता. आजच्या संगणकात कळीपासून पडद्यापर्यंतची वाट इतक्या थरांतून जाते की ती सगळी जाणणारा एक माणूस मिळणं अवघड. प्रत्येक थर वेगळ्या लोकांनी बांधलेला, आणि आपण सर्वांत वरच्या थरावर उभे राहून खालचं सगळं गृहीत धरतो. मुलांना मी संगणक वापरायला शिकवत होते. तो समजतो, समजू शकतो, हा अनुभव मात्र त्यांना कधी मिळालाच नव्हता. असा अनुभव देणारं एक यंत्र माझ्या कपाटात होतं.

ते माझ्या मामाचं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम भारतात आणला; ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने तो विकला जायचा. त्याच काळात केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे संगणक गेले होते. आमच्या शाळेत त्यातलं काही नव्हतं. मामा पुण्यात नोकरीला होते, त्यांनी हौसेने हा संगणक घेतला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो माझ्या हाती दिला. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरला जोडायचा आणि बसायचं. काळा कीबोर्ड, प्रत्येक कळीवर बेसिक भाषेचे शब्द छापलेले. ओळीच्या सुरुवातीला ‘पी’ दाबलं की अख्खं ‘प्रिंट’ उमटायचं. पुढे मामांनी घर बदललं, तेव्हा “तुझंच आहे हे, घेऊन जा,” म्हणाले. मी जालन्याला घेऊन आले.

या यंत्राचा मोठेपणा असा की ते तळापर्यंत कळू शकतं. आत झिलॉग कंपनीचा १९७६ सालचा झेड ८० प्रोसेसर, त्यात साधारण साडेआठ हजार ट्रान्झिस्टर. आजच्या मोबाइलच्या चिपमध्ये ते अब्जांनी असतात. कायमच्या मेमरीत, म्हणजे रॉममध्ये, १६ किलोबाइटचा प्रोग्रॅम. इयन लोगन आणि फ्रँक ओ’हारा या दोघांनी १९८३ मध्ये त्या प्रोग्रॅमची आज्ञान् आज्ञा उलगडून पुस्तक छापलं. कळ दाबली की विजेची कुठली रेघ बदलते, कुठल्या पोर्टमधून प्रोसेसर ती वाचतो, अक्षराचा आठ बाइटचा नकाशा रॉममध्ये कुठे आहे आणि तो पडद्याच्या मेमरीत कुठे उतरतो, हे सगळं एका दुपारी फळ्यावर मांडता येतं. मी ते मांडलं. त्या मुलीने वहीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तीन-चार जणांना घेऊन आली. एवढं कळलं तर आता यावर काहीतरी बनवू, असं त्यांचं म्हणणं. काय बनवायचं यावर मुलांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. अवकाशातली लढाई.

मी होकार दिला तो जाणूनबुजून. पडदा आडवा सरकवणारा खेळ हे स्पेक्ट्रमसाठी अवघड काम आहे. या यंत्रात चित्र सरकवणारी वेगळी यंत्रणा नाही, हलत्या चित्रांसाठी वेगळी चिप नाही. जे करायचं ते एकट्या प्रोसेसरने. म्हणून जुन्या लोकांनी इथे जे करून दाखवलं त्याचं मला अपार कौतुक वाटतं. १९८२ मध्येच मेलबर्न हाउसने ‘पेनिट्रेटर’ काढला, तो स्क्रॅम्बलच्याच जातीचा. १९८७ मध्ये ह्यूसनचा ‘झायनॅप्स’ आला. त्याच वर्षी आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, आलेला आयरेमचा ‘आर-टाइप’ बॉब पेप यांनी पुढच्या वर्षी स्पेक्ट्रमवर उतरवला. मूळ यंत्राची ताकद आणि स्पेक्ट्रमची ताकद शेजारी ठेवून पाहिली म्हणजे त्या कामाची खोली कळते. मुलांना मी हे तिन्ही खेळ इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकात जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, दाखवले आणि सांगितलं, आता हिशोब करू.

हिशोब असा. प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला ३५ लाख ठोके देतं. टीव्हीवर चित्र सेकंदाला साधारण पन्नास वेळा नव्याने रंगतं, त्या प्रत्येक वेळेला फ्रेम म्हणायचं. एका फ्रेमच्या वाट्याला येतात नेमके ६९,८८८ ठोके. हालचाल डोळ्याला सलग दिसायला हवी, तर जमीन सरकवणं, यानं पुसणं, पुन्हा काढणं, कळा वाचणं, टक्कर तपासणं, आवाज करणं, सगळं एवढ्यात बसलं पाहिजे.

आता पडद्याकडे बघा. २५६ पिक्सेल रुंद, १९२ ओळी उंच. एका बाइटमध्ये आठ पिक्सेल, म्हणून चित्राचे ६,१४४ बाइट. एक बाइट डावीकडे एका पिक्सेलने सरकवायला ‘आरएल’ ही आज्ञा, तिचे १५ ठोके. शेजारच्या बाइटवर जायला आणखी ४. झाले १९. अख्खा पडदा सरकवायचा तर १,१६,७३६ ठोके. हातात आहेत सत्तर हजारांना थोडे कमी.

फळ्यावर हा आकडा आल्यावर वर्गात शांतता पसरली. मग मंठ्याकडचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, टँकर एक आणि घरं जास्त, असं हाये हे. आधी प्यायचं पाणी काढून ठेवायचं, मग बाकीचं.” दुष्काळातली रांग पाहिलेल्या मुलांना याहून जास्त समजावायची गरज उरली नाही. त्यांनी स्वतःच वाटप सुरू केलं. आकाश रिकामं असतं, ते सरकवायचं कशाला? दोन-चार तारे आहेत, ते एकेक पिक्सेलचे. ते सुटे पुसू, सुटे काढू. सरकते फक्त जमीन. जमिनीला खालच्या ४० ओळी दिल्या. चाळीस ओळी, ओळीला ३२ बाइट, म्हणजे १,२८० बाइट. गुणिले १९, म्हणजे २४,३२० ठोके. पंचेचाळीस हजार शिल्लक राहिले. अशक्य वाटणारं काम वहीच्या अर्ध्या पानावर शक्य झालं होतं, आणि ते मुलांनी केलं होतं.

त्यांनी ते प्रोसेसरच्या आज्ञा थेट लिहायच्या असेंब्ली भाषेत लिहिलं. फ्यूज हा इम्युलेटर आणि पास्मो हा असेंब्लर, दोन्ही फुकट मिळतात आणि क्लासमधल्या जुन्यात जुन्या डेस्कटॉपवर चालतात. जमीन सरकली. सरकताना पाहून मुलं जागेवरून उठली. पण यान लुकलुकत होतं. मधूनच त्याचा वरचा भाग गायब व्हायचा, पुन्हा यायचा.

याचं कारण पडदा रंगतो कसा, यात आहे. टीव्हीचा किरण वरून खाली, ओळीमागून ओळ रंगवत येतो. आपण चित्र पुसलं आणि पुन्हा काढायच्या आत किरण तिथून गेला, तर त्या फ्रेमपुरतं चित्र नाहीच. मी मुलांना एवढंच सांगितलं, की फ्रेम सुरू झाल्यावर किरण आधी वरच्या कडेच्या ६४ ओळींतून जातो, आणि एका ओळीला २२४ ठोके लागतात. पुढचं त्यांनी काढायचं होतं.

ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, ती दोन दिवस वही घेऊन बसली. चौसष्ट गुणिले २२४, म्हणजे १४,३३६ ठोके. तोवर किरण चित्रात शिरलेलाच नसतो. जमीन सुरू होते १५२ ओळींनंतर, म्हणजे तिथे किरण पोचतो एकूण ४८,३८४ व्या ठोक्याला. तिने क्रम उलटा केला. फ्रेम सुरू होताच आधी वरची यानं उरकायची, पहिल्या चौदा हजारांत. मग जमीन. किरण वरून खाली येत असतो आणि आपण त्याच्या पुढे राहून जमीन सरकवत असतो. पडद्याची मेमरी किरणासाठी वाचणारी यूएलए ही चिप मधेमधे प्रोसेसरला थांबवून धरते, त्यामुळे २४ हजारांचे थोडे वाढून २८ हजारांच्या आसपास होतात. तरीही जमीन बेचाळीस-त्रेचाळीस हजारांत संपते. पाच हजार ठोके आधी. लुकलुक गेली.

सेकंदाच्या पन्नासाव्या भागात कुठल्या क्षणी कोण कुठे आहे, हे जालन्यातल्या एका मुलीला ठोक्याच्या हिशोबाने माहीत होतं. मी इतकी वर्षं संगणक शिकवते आहे, पण कुणा विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर यंत्रावरची अशी पकड मी आधी पाहिली नव्हती.

मग प्रश्न आला, जमीन कुठली? मुलांना चंद्र, मंगळ असं काही हवं होतं. मी म्हटलं, आकाशातून आलेल्या दगडाची खूण आपल्या शेजारी आहे, ती सोडून मंगळावर कशाला जायचं? मंठ्यावरून पुढे गेलं की बुलढाणा जिल्ह्यात लोणार. आम्ही सगळे गेलो. गोमुखाजवळच्या पायऱ्यांवर उभं राहून मुलांनी विवराची समोरची कड पाहिली आणि पहिला प्रश्न आला तो अंतराचा. कडेपासून कडेपर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. तळ्याचं पाणी कडेपासून सुमारे १३७ मीटर खाली. भोवतालच्या जमिनीपेक्षा कड थोडी उचललेली. हे सगळं काळ्या बेसाल्टमध्ये, उल्केच्या आघाताने झालेलं.

परत आल्यावर नकाशा काढला. एक पिक्सेल म्हणजे दहा मीटर धरले, तर विवर १८० पिक्सेल रुंद होतं आणि खोली चौदा पिक्सेलसुद्धा नाही. पडद्यावर ते ताटलीसारखं उथळ दिसलं. हीच खरी प्रमाणं आहेत, काठावर उभं राहिल्यावर डोळ्याला ती खोल वाटतात एवढंच, हे मुलांना तेव्हा कळलं. खेळासाठी आम्ही उंचीला दुप्पट ताण दिला: खोली सत्तावीस पिक्सेल, कड चार पिक्सेल वर. जमिनीच्या प्रत्येक उभ्या रेघेसाठी एकच बाइट ठेवला, तिची उंची सांगणारा. म्हणजे विवराचा अख्खा छेद १८० बाइटमध्ये. कुणीतरी वेगही काढला: सेकंदाला पन्नास पिक्सेल, पिक्सेलला दहा मीटर, म्हणजे सेकंदाला ५०० मीटर. आपलं यान आवाजापेक्षा वेगाने लोणार ओलांडतं, साडेतीनेक सेकंदांत. ही माहिती त्या आठवड्यात क्लासमध्ये सगळ्यांना पाठ झाली होती.

रंगांचं काम सर्वांत नाजूक. स्पेक्ट्रममध्ये रंग पिक्सेलला मिळत नाही, आठ बाय आठच्या चौकोनाला मिळतो, आणि एका चौकोनात दोनच रंग. जमीन सरकते एकेका पिक्सेलने, रंग सरकवता येतात आठ-आठ पिक्सेलने. दोघांचा मेळ बसला नाही की एकाचा रंग दुसऱ्यावर सांडतो. साधा उपाय असा की प्रत्येक आडव्या पट्ट्याला एकच रंग द्यायचा. वरचा पट्टा हिरवा, खालचे पिवळे. पण मुलांना तळं गुलाबी हवं होतं. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते तसं झाल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. स्पेक्ट्रमच्या आठ रंगांत किरमिजी आहे, मग तळ्याला तोच मिळाला पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

तो हट्ट मी मनापासून उचलून धरला, कारण त्यातून खरी युक्ती निघणार होती. पाणी आणि खडक यांच्या मधे, दोन्ही काठांना, आठ पिक्सेलची काळी फट ठेवायची. जमीन किती पिक्सेल सरकली आहे याने फरक पडत नाही; आठ पिक्सेल रुंदीच्या फटीत चौकोनांची एक सीमा येतेच येते. रंग तिथे बदलायचा. काळ्यावर रंग बदललेला कुणाला दिसत नाही. मुलांनी आलेखाच्या कागदावर शून्यापासून सातपर्यंतच्या सगळ्या स्थिती काढून पाहिल्या आणि एकही सुटत नाही याची खात्री करून घेतली. गणितातली सिद्धता याहून वेगळी काय असते? पाठ्यपुस्तकात ती समोर आली की मान खाली घालणारी ही मुलं, इथे ती स्वतः रचत होती.

यानाच्या चित्राच्या आठ प्रती आम्ही आधीच सरकवून ठेवल्या, म्हणजे खेळताना सरकवायचे ठोके वाचतात. मेमरी खर्चून वेळ विकत घेतला. टक्कर तपासायला यानाचे बाइट पडद्यावरच्या बाइटशी जुळवून पाहायचे. दोन्हीकडे एकाच जागी ठिपका असेल तर धडकलो. आवाजासाठी वेगळी चिप नाही. प्रोसेसरने एका पोर्टमधला एक बिट चालू-बंद करत राहायचं, तेव्हा लहानसा स्पीकर वाजतो, आणि तो वाजवत असताना प्रोसेसरला दुसरं काही करता येत नाही. म्हणून जमीन संपल्यानंतर उरलेल्या ठोक्यांतून आवाजाला थोडे दिले. गोळीचा आवाज एका फ्रेमचा, स्फोट अनेक फ्रेममध्ये वाटून दिलेला.

खेळ इम्युलेटरवर पूर्ण झाला तेव्हा तो खऱ्या यंत्रावर चालवायचं ठरलं. मामांचा डीबी स्पेक्ट्रम काढला. प्रोग्रॅम कॅसेटवर उतरवला. कॅसेट काय असते हे यातल्या काहींनी पहिल्यांदा हातात घेऊन पाहिलं. स्पेक्ट्रमसाठी प्रोग्रॅम म्हणजे आवाजच. सेकंदाला साधारण दीड हजार बिट. टेपचं हेड जरा तिरपं असलं तरी वरचे सूर दबतात आणि लोडिंग मधेच तुटतं. मी बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडचा स्क्रू हळूहळू फिरवत, कानाने ऐकत, सूर कडक होईपर्यंत आणला. मग पडद्याच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे सरकू लागले, नंतर निळे-पिवळे. पहिल्या पट्ट्यांत टेप फक्त वेळ जुळवून देते, दुसऱ्यांत खरा प्रोग्रॅम आत जातो, हे मी सांगत होते. दोन मिनिटांनी लोणारची कड उजवीकडून आत आली, आणि मागोमाग किरमिजी तळं. इम्युलेटरवर जसं होतं तसंच, ठोक्याला ठोका.

या कामाचा पुढे काय उपयोग झाला, हे मला विचारलं जातं आणि विचारलं गेलंच पाहिजे. मी शिकवते ती मुलं छंदासाठी येत नाहीत.

त्यातला मंठ्याकडचा मुलगा आयटीआय करून एका रोलिंग मिलमध्ये देखभालीच्या कामाला लागला. तिथे यंत्रं चालवणारा छोटा संगणक असतो, पीएलसी. तो सतत एकच फेरी मारतो: सगळे सेन्सर वाचायचे, प्रोग्रॅम चालवायचा, मोटारी-व्हॉल्व्हना आज्ञा द्यायच्या, पुन्हा सुरुवात. लालबुंद सळई आली की सेन्सर इशारा देतो आणि कातर ठरलेल्या लांबीवर ती तोडते. सळई सेकंदाला दहा मीटर वेगाने येत असेल, तर सेकंदाचा शंभरावा भाग उशीर म्हणजे लांबीत दहा सेंटिमीटरचा फरक. कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्याचा फोन आला. “मॅडम, इथं बी तेच हाये. एका फेरीत किती मावतंय ते आधी बघायचं. बाकीचे घाबरायलेत त्या डब्याला, मी उघडून बसलो.” त्याला पीएलसी कुणी शिकवलं नव्हतं. त्याला एक फ्रेम कळली होती.

ती मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आली की माझ्या नव्या बॅचला झेड ८० ती शिकवते. फळ्यावर आधी कीबोर्ड काढते, शेवटी पिक्सेल, आणि मधली सगळी वाट मुलांकडून भरून घेते.

एप्रिल २०२४ मध्ये झिलॉगने झेड ८० च्या मूळ घडणीच्या चिप बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. जवळजवळ अर्धं शतक ती चिप बनत होती. बातमी वाचून काही मुलं म्हणाली, म्हणजे आता हे शिकून उपयोग नाही का? मी त्यांना सांगितलं, नोकरीत झेड ८० लागेल म्हणून मी तो कधीच शिकवला नव्हता. जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाच्या हातात आज मोबाइल आहे, आणि त्यातला प्रत्येक थर त्याला सांगतो, तू वापर, आतलं बघायचं काम दुसऱ्यांचं. गावाकडच्या मुलांना हे जगाने आधीच खूपदा ऐकवलेलं असतं. शिक्षकाने तरी तेच पुन्हा ऐकवू नये.

म्हणून आता प्रत्येक बॅचची सुरुवात मी स्पेक्ट्रमने करते. पायथन, टॅली, जे काही शिकायचं ते नंतर. महागडं काही लागत नाही. जुना डेस्कटॉप, फुकटचा इम्युलेटर, आलेखाची वही आणि गुणाकार येणारी मुलं. तालुक्याच्या ठिकाणी क्लास चालवणाऱ्या, शाळेत संगणक शिकवणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे, की मुलांना एक यंत्र तरी तळापर्यंत दाखवा, मग ते कितीही लहान असो. ज्याला एक यंत्र पुरतं कळलं, तो दुसऱ्या यंत्रापुढे दबून उभा राहत नाही. तो वही उघडतो आणि विचारतो, याच्या एका फेरीत ठोके किती?